खांबाआडून पाहिलेला सामना

चुकीच्या खुर्चीत बसलेला माणूस मला पाठीवरूनच ओळखता येतो. हक्काच्या खुर्चीतला माणूस पसरतो. पिशवी खाली ठेवतो, बूट सैल करतो, शेजारच्याशी ओळख काढतो. उपरा माणूस काठावर टेकतो, नाचोज मांडीवरच ठेवतो आणि सामना बघताना एक डोळा जिन्याकडे ठेवतो. अशा माणसाला ‘ही तुमची खुर्ची नाही’ असं म्हणायचं नसतं. जवळ जाऊन हसायचं आणि ‘तुमची जागा शोधायला मदत करू का?’ असं विचारायचं. बरेचसे नुसत्या हसण्यानेच उठतात.

हा माझा सध्याचा धंदा. राहते टेक्सासातल्या प्लेनोत, आणि उन्हाळाभर उत्तरेकडच्या एका गावातल्या बेसबॉलच्या मैदानावर लोकांना जागा दाखवते. त्याआधीची सगळी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये झाली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांना खरं तर त्या नोकरीवर लेख हवा होता. पण त्या दिवसांतलं आठवायला बसले तर ज्यांच्याशी भांडले त्यांची नावं आठवतात, भांडण कशावरून होतं ते आठवत नाही. मैदानावरचं मात्र सगळं लख्ख आठवतं, त्यामुळे संपादकांनी हे गोड मानून घ्यावं.

निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात एक नवराच उरला, अविनाश. तो डिशवॉशरमध्ये ताटं कशी लावतो, गाडी गॅरेजमध्ये कशी घालतो, यावर मी रोज मतं द्यायला लागले. महिन्याभरात तोच मैदानाची जाहिरात घेऊन आला. म्हणाला, “बघ, इथे हजारो लोक असतात. त्यांच्या चुका काढ.” आमची ईशा शाळेत सॉफ्टबॉल खेळायची, तेव्हा मैदानाकडेला घडीच्या खुर्चीत बसून मी हा खेळ शिकले होते. तिने पुढे खेळ सोडला. मी नाही सोडला.

आमचा संघ टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या संघांपैकी नव्हे. अशा एका मोठ्या क्लबच्या हाताखालचा आहे. होतकरू मुलं इथे तयार व्हायला येतात आणि उतरणीला लागलेले खेळाडू इथे थोडे दिवस थांबतात. कोणाला खेळवायचं, कोणी किती चेंडू टाकायचे, कोणाला वर बोलवायचं, कोणाला घरी पाठवायचं, हे सगळं वरून ठरून येतं. आमच्या मॅनेजरच्या वाट्याला काय, तर डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकावरून, उठून मैदानात चालत जाणं आणि लोकांच्या शिव्या खाणं.

आता माझी अडचण अशी की आमच्या नोकरीत संघाबद्दल मत द्यायला बंदी आहे. पहिल्याच दिवशी शेल्बीने, म्हणजे आमच्या सुपरवायझरने, बजावलं होतं, “गेस्टशी हवेबद्दल बोला, हॉट डॉगबद्दल बोला, पिचिंगबद्दल बोलू नका.” आणि माझ्या विभागात नेमकी डोरीन. डोरीन ही सत्तरी उलटलेली टेक्सन विधवा, सगळ्या सीझनचं तिकीट घेऊन जिन्यालगतच्या खुर्चीत बसते. तिचा भाचा मैदानावरचं गवत कापतो, त्यामुळे आतल्या सगळ्या बातम्या तिला आधी कळतात. मॅनेजरने पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलला की ती मान वळवून विचारायची, “काय म्हणतेस, हनी?” मी काही म्हणायची नाही. मी खुर्ची पुसायची. खुर्च्या पुसायला आम्हाला एक फडकं दिलेलं असतं. एकदा पुसली तर निर्णय ठीक, दोनदा पुसली तर चूक, आणि हत्तेसुद्धा पुसले तर मॅनेजरचं डोकं ठिकाणावर नाही. डोरीनला ही भाषा आठवड्याभरात आली.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या विभागातल्या खुर्च्या चकचकीत होत्या. कारण ब्रॉडी नावाचा एक मुलगा. भयंकर वेगाने चेंडू टाकायचा. चेंडू कुठे जाणार हे बॅटरला कळायचं नाही, कॅचरला कळायचं नाही आणि ब्रॉडीलाही कळायचं नाही. पण वरच्या क्लबला त्याच्या वेगाचं कौतुक, म्हणून सामना सुरू करायला दर पाचव्या दिवशी तोच. आणि कर्टिसला बसवून ठेवलेलं. कर्टिस तिशी ओलांडलेला, पोट किंचित सुटलेला, शांत माणूस. त्याचा चेंडू इतका सावकाश यायचा की बॅटरला विचार करायला वेळ मिळायचा, आणि विचार करायला लागला की बॅटर चुकायचा. नागपूरला मी असे ऑफस्पिनर पाहिलेत, ज्यांना मारणं सोपं वाटतं आणि मारून मारून सगळे बाद होतात. अशा माणसाला आमचा मॅनेजर कधी आणणार, तर सामना हातचा गेल्यावर, उरलेल्या इनिंग कशातरी संपवायला. वेग म्हणजे दर्जा नव्हे, हे मी ऑफिसात किती जणांना सांगून थकले होते. इथे तर सांगायचीही सोय नव्हती. मी हत्ते पुसत राहिले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी पोचले तेव्हा डोरीन आधीच येऊन बसली होती. म्हणाली, “ब्रॉडीचा खांदा दुखतोय. आज सुरुवात कर्टिस करणार.” मला आनंद लपवता येईना. तर तिने पुढचं सांगितलं, “आनंद कसला करतेस? त्याला सोडून द्यायचं ठरत आलंय. आज चेंडू चांगले पडले तर बघू म्हणालेत. नाही तर उद्या घरी.”

घरी म्हणजे कायमचं घरी. त्या वयाच्या पिचरला आमच्या संघाने सोडलं की दुसरं कोणी उचलत नाही. उजव्या हाताने आयुष्यभर जे केलं ते एका सोमवारी संपतं. अशा सोमवारी सामान खोक्यात भरून गाडीकडे जाणारी माणसं मी आयटीत कमी पाहिली नव्हती.

दुसऱ्या इनिंगमध्ये मला डोरीनच्या पुढच्या रांगेत एक उपरा दिसला. उन्हाने रापलेला, हडकुळा, वयस्क माणूस. हॅट मांडीवर, पाठ ताठ, जिन्याकडेच्या पहिल्या खुर्चीच्या अगदी काठावर. मी हसून विचारलं तेव्हा त्याने खिशातून तिकीट काढून दाखवलं. ते पार पलीकडच्या गवताच्या उतारावरचं होतं. “खुर्चीचा मालक आला की उठतो, मॅम,” तो म्हणाला. इतकी सरळ कबुली देणारा उपरा मला कधी भेटला नव्हता. ऊन रणरणत होतं, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी त्याला बसू दिलं.

मालक आले पाचव्या इनिंगला. वरच्या बाजूला, जिथून माझा जिना सुरू होतो, तिथे छताचा एक जाडजूड सिमेंटचा खांब आहे. त्या खांबापाशी तीन मराठी माणसं उभी राहिली. जवळच फ्रिस्कोत राहणारा निनाद सबनीस आणि पुण्याहून पहिल्यांदाच आलेले त्याचे आई-वडील. माझ्या छातीवरच्या पाटीवर नाव वाचून निनाद म्हणाला, “अरे वा, काकू, तुम्ही मराठी? सॉरी, लेट झाला. आईला मंदिरात महाप्रसाद घ्यायचाच होता. आमच्या सीट्स कुठे?”

त्याच्या तीन जागांपैकी जिन्याकडची जागा त्या उपऱ्याची. मी “या” म्हणून खाली उतरले आणि त्या म्हाताऱ्याच्या खांद्याशी वाकले. तोच मागून डोरीनने माझं मनगट धरलं. हनुवटीने समोरचा मोठा बोर्ड दाखवला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. पिचरच्या चेंडूवर समोरच्या संघातल्या एकालाही नऊ इनिंगच्या संपूर्ण सामन्यात फटका मारून बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यावरसुद्धा, पोचता आलं नाही, तर तो या खेळातला दुर्मीळ पराक्रम. चांगल्या चांगल्यांच्या नशिबी तो येत नाही. त्याला एक नाव आहे, पण तो चालू असताना ते उच्चारायचं नसतं. साथीदार त्या पिचरच्या शेजारी बसत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. बोललं की दृष्ट लागते. अमेरिकन माणसं याला दृष्ट म्हणत नाहीत, पण मिरच्या ओवाळणंच काय ते बाकी असतं. ते नाव मी इथेही लिहिणार नाही. कर्टिस अजून कुठे ना कुठे चेंडू टाकतोय, उगाच कशाला.

बोर्डावर फटक्यांच्या रकान्यात शून्य होतं. आणि मी, नागपूरच्या धंतोलीत वाढलेली बाई, त्या शून्याकडे बघून जागच्या जागी थिजले. आमच्या घरी भारताचा सामना असला की बाबा सगळ्यांना जागा नेमून द्यायचे. मी एकदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले असताना मोठी भागीदारी झाली. झालं! तेव्हापासून विकेट पडायला लागल्या की बाबा ओरडायचे, “हिला फ्रिजपाशी पाठवा!” भारताचे कित्येक विजय मी फ्रिजचं दार बघत साजरे केले आहेत. जे जमून आलंय त्यातला माणूस हलवायचा नाही, हे मला शिकवावं लागत नाही.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, “बसा. अजिबात उठू नका.” आणि जिना चढून खांबापाशी आले.

“काय झालं काकू?”

“निनाद, तुमच्या जागेवर एक जण बसलेत. त्यांना आत्ता उठवायचं नाही.”

“म्हणजे? काकू, तिकीट आहे माझ्याकडे यार. फोनवर दाखवतो ना.”

“तिकीट बरोबर आहे रे. पण ते बसल्यापासून समोरच्यांना एक फटका मारता आलेला नाही.”

निनाद तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला. त्याचे वडील मात्र ताडकन पुढे आले. बेसबॉलचा पहिला चेंडूही त्यांनी अजून पाहिलेला नव्हता. “ते उठता कामा नयेत,” ते म्हणाले. “निनाद, गप्प उभा राहा. ताई, आम्ही इथेच थांबतो.”

“अहो, पण त्यांच्या पलीकडच्या दोन तर रिकाम्या आहेत,” सबनीसबाई म्हणाल्या.

“पलीकडे जायचं म्हणजे त्यांना उभं राहायला लागेल,” सबनीस म्हणाले. “काहीतरीच बोलतेस!”

मी आमची घडीची खुर्ची आणून बाईंना खांबाच्या सावलीत बसवलं. सगळी सोय लावून सहाव्या इनिंगला मी कर्टिस बघायला दोन पायऱ्या उतरले. त्याच क्षणी बॅटरने असा टोला लगावला की चेंडू पार मागच्या भिंतीपाशी गेला. तिथल्या खेळाडूने उडी मारून तो कसाबसा झेलला. डोरीन सावकाश मागे वळली. आधी माझ्याकडे बघितलं, मग बोटाने खांब दाखवला.

म्हणजे पुन्हा फ्रिज.

त्या खांबामागून मैदानाची उजवी बाजू तेवढी दिसते. मधल्या उंचवट्यावरचा पिचर अजिबात दिसत नाही. सबनीस माझ्या पुढ्यात उभे होते, त्यांना सगळं दिसत होतं, पण काय दिसतंय ते कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं, पण काहीच दिसत नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून तो सामना पाहिला.

“ताई, बॅट्समनने बॅट आपटली.”

“छान. आउट झाला असणार.”

“पण स्टंप कुठेत?”

“स्टंप नसतात. पुढे सांगा.”

सातव्या इनिंगला शेल्बी आली. जिन्याच्या तोंडाशी लोक उभे असल्याची तक्रार रेडिओवर गेली होती. माझ्याकडे, घडीच्या खुर्चीकडे आणि सबनीस कुटुंबाकडे बघून तिने विचारलं, “या लोकांच्या खुर्च्या कुठे आहेत?” सबनीस वाकून इंग्रजीत म्हणाले, “मॅडम, वी आर व्हेरी कम्फर्टेबल. वी लाइक स्टँडिंग.” शेल्बीचा विश्वास बसला नाही. तिने माझ्याकडे वळून स्पष्ट सांगितलं, तिकीटवाल्याला जागा देणं हेच माझं काम आहे, आणि ते जमत नसेल तर पुढच्या आठवड्यापासून मला पार्किंगमध्ये उभं राहावं लागेल. टेक्सासमध्ये ऑगस्टात पार्किंग म्हणजे तवाच. तेवढ्यात तिची नजर बोर्डाकडे गेली.

“थांब,” ती म्हणाली, “हा कर्टिस आज चक्क नो…”

खालून डोरीनने असा काही फूत्कार सोडला की आजूबाजूची निम्मी माणसं दचकली. शेल्बीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग ती हळूच दोन पावलं मागे सरकली, खांबाला टेकली आणि तिथेच उभी राहिली. तिनेही बाहेर डोकावायचं धाडस केलं नाही.

आठवी इनिंग. एक बाद झाला. एकाएकी सगळं मैदान भुणभुणायला लागलं.

“ताई, एक जाडे गृहस्थ आत निघालेत,” सबनीस म्हणाले.

“मॅनेजर आहे तो. हात कुठे आहेत त्याचे?”

“मागच्या खिशात.”

“मग अजून ठरलेलं नाही. पुढे?”

“बॉलरपाशी पोचले. काहीतरी विचारतायत. बॉलर मान हलवतोय.”

“कशी? हो की नाही?”

“या लोकांच्या माना मला कळत नाहीत हो! आता त्यांनी हात पुढे केला. तळवा वर. चेंडू मागतायत बहुतेक.”

चेंडू मागितला म्हणजे संपलं. आपल्या क्रिकेटमध्ये बॉलरला विश्रांती देऊन चार ओव्हरनंतर पुन्हा आणता येतं. इथे एकदा बाहेर काढलेला माणूस त्या सामन्यात परत येत नाही. का काढला, तर त्याला नेमून दिलेले चेंडू टाकून झाले म्हणून. वरच्यांनी ठरवलेला आकडा. समोर माणूस कोण आहे, काय करतोय, काहीही न बघता!

सगळं मैदान उठून ओरडायला लागलं. डोरीनने मॅनेजरच्या बालपणापासून सुरुवात केली. मी फडकं काढलं आणि खांब पुसायला घेतला. पुसत पुसत खांबाला दीड फेरी मारली, तरी माझं मत व्यक्त होईना. शेवटी मी होती नव्हती ती सगळी ताकद लावून मराठीतच ओरडले, “अहो, राहू द्या ना त्याला! काय बिघडलं तुमचं?” सबनीसांनीही लगेच “राहू द्या, राहू द्या!” चालू केलं, आणि मागोमाग निनादने.

शेल्बीने डोळे वटारले. “काय म्हणालीस तू?”

“हवेबद्दल बोलले,” मी म्हटलं.

त्या सगळ्या गदारोळात एकच माणूस ओरडत नव्हता. चुकीच्या खुर्चीतला तो म्हातारा पहिल्यांदाच उभा राहिला होता, हॅट छातीशी धरून. फेरीमुळे मी खांबाच्या बाहेर आले होते, म्हणून मला दिसलं. कर्टिस मान खाली घालून डगआउटकडे चालत आला. पायरीपाशी थांबला, मान वर केली आणि एवढ्या हजारो खुर्च्यांमधून थेट त्या खुर्चीकडे बघितलं. टोपीला बोट लावलं आणि आत गेला.

त्याच्या जागी कोण आला असेल? ब्रॉडी! खांदा एकाएकी बरा झाला होता. त्याचा दुसराच चेंडू बॅटरने लांबवर भिरकावून दिला आणि सबनीस अभावितपणे ओरडले, “चौकार!” मग आजूबाजूला बघून ओशाळले.

म्हातारा हॅट घालून जिना चढून आमच्यापाशी आला. “आता उठायला हरकत नाही, मॅम,” तो म्हणाला आणि सबनीसांकडे वळला, “सर, तुमची खुर्ची मी इतका वेळ अडवली. क्षमा करा.”

“नो, नो,” सबनीस म्हणाले. “यू नो द बॉलर?”

“हो, सर. माझाच आहे तो.”

सबनीसांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. सबनीसबाईंनी पर्समधून मंदिरातला प्रसाद काढून त्याच्या तळहातावर ठेवला. ते काय आहे असं न विचारता त्याने तो तोंडात टाकला.

सोमवारी कर्टिस घरी गेला नाही. त्याला वर बोलावलं, मोठ्या क्लबच्या एक पायरी खालच्या संघात. बातमी अर्थातच डोरीनने दिली. आम्ही दोघी खूप हसलो, पण ते हसू टिकलं नाही. कारण आमच्या संघाचं हे असंच आहे. वाईट टाकणारा जातो आणि चांगला टाकणाराही जातो, आणि जिन्याशी आम्ही दोघी राहतो. ईशाला सिअॅटलला नोकरी लागली तेव्हा मी असाच आनंद केला होता. डोरीनचं म्हणणं आहे की मॅनेजरने वेळेवर काढलं म्हणून कर्टिसचं शून्य शाबूत राहिलं आणि वरच्यांच्या नजरेत भरलं. ते मला मान्य नाही. त्याने नवव्या इनिंगपर्यंत टाकलं असतं. मला तर ते दिसणारच नव्हतं, पण त्याने टाकलं असतं.

सीझन संपत आला होता. मैदानात चिटपाखरू नाही म्हणावं इतकी गर्दी. जिना उतरताना मला ती पाठ दिसली. ताठ, हॅट मांडीवर, तीच खुर्ची. या वेळी त्याने विचारायच्या आतच तिकीट पुढे केलं. त्याच खुर्चीचं होतं. तरी तो काठावरच बसला होता. एका कानात फोनची वायर.

मी जवळ वाकले. “कर्टिस आता इथे नसतो,” मी हळूच म्हटलं. म्हातारा माणूस, विसरला असेल, असं मला वाटलं.

“माहीत आहे, मॅम. तो आज तिकडे टाकतोय.” त्याने कानातल्या वायरीला बोट लावलं. “मागच्या वेळी मी घरी सोफ्यावर बसून ऐकलं. फार मार पडला त्याला. आज सकाळी बायको म्हणाली, निघ, आणि जाऊन तुझ्या खुर्चीत बस.”

त्याचं घर पार पश्चिम टेक्सासात, अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर. समोर आमचा ब्रॉडी भलतीकडेच चेंडू फेकत होता. त्याच्याकडे म्हाताऱ्याने एकदाही बघितलं नाही.

“आतापर्यंत चार इनिंग झाल्या,” तो म्हणाला, “आणि अजून एकही…”

“सांगू नका!” मी म्हटलं.

तो हसला. मी जिना चढून वर गेले आणि खांबामागे उभी राहिले. थोड्या वेळाने रेडिओवर शेल्बीचा आवाज आला, माझा विभाग रिकामा दिसतोय, मी आहे कुठे?

“माझ्या जागेवर,” मी म्हटलं.